शुक्रवार न मानणारी

सर्व संबंधितांना, म्हणजे माझा नवरा, माझी मुलगी, पुण्यात राहणारे माझे आईबाबा, बहरीनमध्ये हूरा भागातल्या आमच्या इमारतीतले समस्त शेजारी आणि मराठी मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरात यापुढे कोणाचाही वाढदिवस तारखेच्या आधी साजरा होणार नाही. एक दिवस आधी नाही, एक तास आधी नाही, आणि 'तसाही शुक्रवार आहे, उरकून टाकू' असं म्हणून तर मुळीच नाही. हा हुकूम माझ्या आजीचा आहे. आजी गेल्या वर्षी वारली. त्यामुळे या हुकुमाविरुद्ध दाद मागायला आता जागा उरलेली नाही.

आजी जर्मनीची. तिकडच्या एका नदीकाठच्या गावाची, ज्याच्या नावात इतकी जोडाक्षरं होती की घरात कुणालाच ते एका दमात म्हणता आलं नाही. आजोबा ओतकाम शिकायला तिकडे गेले होते. येताना ओतकामाचं सर्टिफिकेट आणि आजी, असं दोन्ही घेऊन आले. कराडजवळच्या आमच्या गावी पणजीनं या सहा फुटी सुनेला ताब्यात घेतलं आणि मराठी शिकवलं. पणजीला एकच मराठी येत होती, तीच आजीला आली. परिणाम असा की निळ्या डोळ्यांची, पांढऱ्याशुभ्र केसांची ही बाई तोंड उघडायची आणि आतून कराडची पाटलीणबाई बोलायची. पुण्याहून नव्यानं बहरीनला आलेल्या बँकवाल्यांना वाटायचं, ही आपली चेष्टा करते आहे. त्यांना ती म्हणायची, "का वो, माजं बोलनं कळंना व्हय?" आणि ते बिचारे घाईघाईनं इंग्रजीत शिरायचे. आजीचं इंग्रजी त्याहून वाईट होतं.

अस्करचा ॲल्युमिनियमचा कारखाना नवा होता तेव्हा आजोबांना तिथे नोकरी लागली आणि आजी बहरीनला आली. ती पन्नास वर्षं राहिली. आजोबा इथेच गेले. बाबा निवृत्त होऊन आईसह पुण्याला गेले, तेव्हा आजीलाही न्यायचं ठरलं होतं. तिनं नकार दिला. कारण विचारल्यावर म्हणाली की तिकडचा भाजीवाला ओळखीचा नाही. इथला भाजीवाला मात्र तिला वचकून असायचा. तो 'मफी' म्हणाला, म्हणजे माल नाही असं म्हणाला, तरी ती मागच्या खोलीत जाऊन खोकी तपासून यायची आणि मेथीची जुडी काढून त्याच्यासमोर ठेवायची. मग म्हणायची, "खलास." हा शब्द आजीच्या तोंडून ऐकल्यावर पुढे काही बोलायची कुणाची टाप नसायची.

तिच्या सवयी सांगायला बसले तर मी थांबणार नाही, म्हणून दोनच सांगते. पहिली, खिडक्या. रोज सकाळी सहा वाजता एसी बंद आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. बरोबर दहा मिनिटं. तिच्या माहेरी बर्फ पडत असतानाही असंच करायचे म्हणे, रात्रीची शिळी हवा बाहेर काढायला. आता, ऑगस्टमधल्या बहरीनची सकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगू? खिडकी उघडली की समुद्र वाफ होऊन घरात चालत यायचा. चष्मे पांढरे व्हायचे, पापड मऊ पडायचे, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींना घाम फुटायचा. माझा नवरा लग्न होऊन नवीन आला तेव्हा पहिल्या सकाळी त्याला वाटलं, आग लागली. एसी दुरुस्तीला तुबलीहून येणारा माणूस तर आजीला मुलीच्या लग्नाची पत्रिका देऊन गेला, इतकं आमच्याकडे त्याचं येणंजाणं होतं.

दुसरी सवय, वेळ. कुणी आठ वाजता जेवायला बोलावलं की आजी पावणेआठला त्यांच्या इमारतीखाली. पंधरा मिनिटं गाडीत बसून राहायचं आणि आठाच्या ठोक्याला बेल. दार उघडायला यायची ती डोक्याला टॉवेल बांधलेली यजमानीणबाई, कारण बहरीनमधल्या मराठी घरात आठचं आमंत्रण म्हणजे साडेनऊ हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे लोक हुशार झाले. आम्हाला मुद्दाम साडेनऊची वेळ द्यायला लागले. एकदा आम्ही साडेनऊला पोचलो तर सगळे आधीच बसलेले, आणि आजीनं ते ओळखलं. येताना गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली की म्हाताऱ्या माणसाला खोटी वेळ सांगणं आणि खोटं वजन देणं एकच. आठवडाभर तिचा चेहरा उतरलेला होता.

आणि आता मुख्य गोष्ट. आजीचं कॅलेंडर.

ते आमच्या संडासाच्या दाराला आतून टांगलेलं असायचं. तिच्या माहेरी म्हणे तीच पद्धत, कारण तिथे माणूस रोज जातोच आणि वाचायला सवड असते. त्यावर वार नव्हते, नुसत्या तारखा, म्हणजे ते कधी जुनं होत नसे. प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीनं नावं: आमची, शेजाऱ्यांची, मंडळातल्या पोरांची, भाजीवाल्याची, एसीवाल्याची. तांबड्या शाईनं सगळ्यांच्या रेसिडेंट आयडी कार्डाच्या मुदती. ज्याचा वाढदिवस असेल त्याला सकाळी सातला आजीचा फोन जायचा. त्या कॅलेंडरवर एक नाव वाघमारेकाकांचं. हे आजोबांच्या हाताखाली क्रेन चालवायचे, नागपूरकडचे, बायकामुलं तिकडे, हे एकटे इथे. बुद्धजयंतीला आमच्याकडे खीर घेऊन यायचे. ते मला एकदा म्हणाले होते की अख्ख्या बहरीनमध्ये त्यांचा वाढदिवस माहीत असलेलं माणूस एकच. पस्तीस वर्षं, एकही चुकला नाही.

पण आदल्या दिवशी? आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर आजीचा चेहरा असा व्हायचा, जणू तुम्ही तिच्या अंगावर पाल टाकली. आधी दिलेली शुभेच्छा उलटी लागते, ही तिची पक्की समजूत. "दिस उगवायच्या आदी त्याला हाळी घालू न्हाई," ती म्हणायची. माझ्या नवव्या वाढदिवसाची पार्टी बाबांनी तारखेच्या आधीच्या शुक्रवारी ठेवली. वीस पोरं घरात नाचत होती आणि आजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून विणत बसली होती. केक तिनं खाल्ला, पण 'नुसता केक' म्हणून. मग सोमवारी, खऱ्या तारखेला, पहाटे पाच चाळीसला तिनं मला उठवलं. पाच चाळीस ही माझी जन्मवेळ. टेबलावर तिनं भाजलेला, राय या तिकडच्या धान्याच्या पिठाचा काळा पाव, त्यात एक जाडजूड मेणबत्ती, बाजूला ठेचा. आम्ही दोघींनी डोळे चोळत पाव आणि ठेचा खाल्ला. पार्टीत मला काय काय भेटी मिळाल्या ते आज आठवत नाही. तो पाव आठवतो.

आता असा बाणा असलेली बाई आणि आखातातला मराठी माणूस यांचं जमायचं कसं? इथे सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे सगळं शुक्रवारी. अध्यक्षांचं तर ते जीवितकार्यच. शिवजयंती शुक्रवारी, आंबेडकरजयंती शुक्रवारी, कोजागरी शुक्रवारी, मग चंद्र अर्धा असला तरी. घरोघरी पाडव्याची गुढी पाडव्याला उभारली जायची, पण मंडळाची सामुदायिक गुढी पुढच्या शुक्रवारी. आजी तिथेही जायची, नऊवारी नेसून, वेळेवर, म्हणजे खुर्च्या लावायच्या आधी. गुढीला नमस्कार करायची आणि अध्यक्षांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "शिळी हाय, पर हाय बाई चांगली." अध्यक्षांचं नाव तिनं शुक्रवारकाका पाडलं होतं. ते मनानं फार भले गृहस्थ. हसायचे आणि म्हणायचे, "आजी, रजा कोण देतो हो?"

गेल्या वर्षी आजी नव्वदीची होणार होती. तारीख मंगळवारी. बरोबर, तुम्ही ओळखलंत. अध्यक्षांनी हॉल धरला तो त्याआधीच्या शुक्रवारचा, कारण नंतरचे चार शुक्रवार लग्नांना गेलेले. दीडशे माणसांचं जेवण सांगितलं आणि मग मला फोन करून म्हणाले की आजीला पटवण्याचं काम तुझं, तू बोलघेवडी आहेस.

मी पटवायला बसले. आजी मटार सोलत होती. मी शुक्रवार म्हटल्यावर तिचे हात थांबले आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तिनं त्याआधी कधीच सांगितली नव्हती. ती आठ वर्षांची असताना लढाई चालू होती. तिचे वडील चार दिवसांच्या रजेवर घरी आले होते. त्यांचा वाढदिवस रविवारी, पण त्यांना गुरुवारी परत जायचं होतं. म्हणून तिच्या आईनं बुधवारीच केक केला. साखर शेजाऱ्यांकडून मागून आणली होती. आजीनं त्यांच्या गळ्यात पडून शुभेच्छा दिल्या, सगळ्यांत आधी. ते गुरुवारी गेले आणि परत आले नाहीत.

"रजा न्हवती," ती म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

मी कार्यक्रम रद्द करायला उठले तर तिनं बसवलं. एवढ्या लोकांनी खटपट केली आहे, जेवण सांगितलं आहे, येईन म्हणाली. फक्त शुभेच्छा कुणी द्यायची नाही. मी अध्यक्षांना कळवलं. त्यांनी कार्यक्रमाचं नाव बदलून 'बहरीनमधील पन्नास वर्षांबद्दल सत्कार' केलं, आणि फलक नवीन छापून घेतला.

शुक्रवारी मी हॉलच्या दारात कस्टमच्या अधिकाऱ्यासारखी उभी होते. येणाऱ्या प्रत्येकाला बाजूला घेऊन बजावत होते. आणि लोकांनी काय कसरत केली म्हणून सांगू. आजीच्या पाया पडायचे, तोंड उघडायचे, शब्द गिळायचे आणि भलतंच काहीतरी बोलायचे. एक जण म्हणाला, "आजी, तुमचं अभिनंदन, असंच, सर्वसाधारण." एका बाईंनी शुभेच्छापत्र आणलं होतं, ते पर्समध्ये लपवलं आणि घाबरून आजीच्या हातात गाडीची चावीच दिली. केकवर एक अक्षर नव्हतं. आजी व्यासपीठावर ताठ बसून ही धांदल बघत होती आणि मनातून तिला मजा वाटत होती, हे मला दिसत होतं. दीडशे माणसं तिच्या एका शब्दाखातर जीभ चावत होती. एकही चुकला नाही.

मग आभारप्रदर्शन होतं. ते माझ्याकडे.

मला माईक दिला की काय होतं हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. मी कराडच्या पणजीपासून सुरुवात केली, खिडक्यांवर हशा मिळवला, पावाच्या गोष्टीला दोनचार रुमाल बाहेर आले. टाळ्या वाजत होत्या. आणि त्या टाळ्यांच्या लाटेवर बसून मी, जिनं दीडशे लोकांना दारात अडवून ताकीद दिली होती ती मी, आजीकडे हात पसरून, आवाज चढवून म्हणाले, "आजी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

टाळ्या थांबल्या. आजीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं. मग ती शांतपणे म्हणाली की जेवायला चला, वरण गार होतंय.

शनिवारी दुपारी तिला धाप लागली. हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले की फुप्फुसात पाणी आहे, हृदय नव्वद वर्षांचं आहे. मी म्हणाले, नव्वद नाही, मंगळवारपर्यंत एकोणनव्वद. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. आकड्यांवर जगणारी बाई मी, बँकेत ऑडिट करते. पाल चुकचुकली तर मी हसते. पण त्या खाटेपाशी बसून मला कळून चुकलं की आजी मंगळवारच्या आधी गेली, तर जगातला कुठलाही डॉक्टर मला पटवू शकणार नाही की ती फुप्फुसातल्या पाण्यानं गेली. मी आठ वर्षांची ती मुलगी होऊन बसले होते, सगळ्यांत आधी शुभेच्छा देणारी.

आजीला हे बरोबर समजलं. रविवारी सकाळी तिनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला आणि मला जवळ बोलावलं. मी रडत होते, थोडं जास्तच.

"ऐक बये," ती म्हणाली. "मंगळवारपत्तुर मी कुटं जात न्हाई. तू जन्मभर ते डोक्यावर घिऊन फिरशील. आन् तू आदीच नाटकी हायेस."

मी म्हणाले की हे काय आपल्या हातात असतं का. त्यावर ती म्हणाली की पन्नास वर्षं ती कुठे उशिरा गेली नाही, तशी वेळेआधीही गेलेली नाही, खाली गाडीत बसून राहिली आहे. आताही बसेल.

आणि ती बसली. मला संडासातलं कॅलेंडर आणायला लावलं. सोमवारी मंडळातल्या एका पोरीचा वाढदिवस होता. सातच्या ठोक्याला, मास्क वर करून, तिला फोन झाला. खिडकी उघडत नाही म्हणून तिनं नर्सला दोनदा सुनावलं. डॉक्टर सोमवारी संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले की यांची कशावर भिस्त आहे ते त्यांना समजत नाही. मी सांगितलं, मंगळवारवर.

आजी गुरुवारी गेली. सकाळी सहाच्या सुमाराला, खिडक्या उघडायच्या वेळेला. घरी येऊन मी पहिलं काम तेच केलं. एसी बंद, सगळ्या खिडक्या सताड उघड्या, दहा मिनिटं. माझी मुलगी, जिला मराठी समजतं पण जी उत्तर नेहमी इंग्रजीत देते, तिनं घड्याळ लावलं. चष्मे पांढरे झाले, ते बरंच झालं.

आता कॅलेंडर माझ्याकडे आहे. रोज सकाळी सातला मी फोन करते. पहिल्यांदा वाघमारेकाकांना केला तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं, यंदा वाजणार नाही." माझ्या आजीनं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ते संडासातलं कॅलेंडर दाखवते. आणि हलकं डोकं, ज्यावर काही घेऊन फिरावं लागत नाही. त्यासाठी ती चार दिवस खाली गाडीत बसून राहिली होती.

पण मंगळवार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. नाटकी आहे ना मी.

मंगळवारी पावणेसातला मी तिच्या उशाशी होते. ती जागी होती, घड्याळ हातात धरलेलं. आम्ही दोघी काट्याकडे बघत बसलो. मी एकदा तोंड उघडलं तर तिनं बोट वर केलं. अजून एक मिनिट होतं. सातला मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं. या वेळी हळू आवाजात, माईकशिवाय.

तिनं घड्याळ उशीखाली सरकवलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. "झालं," ती म्हणाली. "मी मोकळी, तू बी मोकळी."

तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. मी दार उघडलं. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये तीस-चाळीस माणसं भिंतीला लागून उभी होती. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्रं. वाघमारेकाका अस्करहून शिफ्ट संपवून थेट आलेले, हेल्मेट काखेत. शुभेच्छापत्र लपवणाऱ्या बाई, हातात तेच शुभेच्छापत्र. कामाच्या दिवशी, सकाळी सातला, बहरीनमधला मराठी माणूस वेळेवर. नंतर कळलं की अध्यक्षांनी आदल्या दिवशी सगळ्यांना निरोप धाडला होता आणि स्वतः अर्धी रजा टाकली होती.

ते सगळ्यांत पुढे होते, मोगऱ्याचा गजरा घेऊन. केरळची एक सिस्टर दोन्ही हात आडवे धरून त्यांना थोपवत होती. ती हिंदीत समजावत होती की एवढ्या लोकांना आत सोडता येणार नाही, सकाळी भेटायची वेळच नसते. पेशंटला आराम करू द्या, शुक्रवारी सुट्टी असते, सगळे शुक्रवारी या, आरामात भेटा.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. तीस वर्षं अख्ख्या मराठी पंचांगाला शुक्रवारी कोंबणारा तो भला माणूस हिंदी विसरला, इंग्रजी विसरला आणि त्या मल्याळी सिस्टरवर चक्क मराठीत कडाडला, "शुक्रवारी कसं चालेल हो सिस्टर? वाढदिवस आज आहे!"